पाहुणे सूर

संगीतानें मन शांत होतें, असें आपण सर्वांनीं शाळेच्या पुस्तकांत वाचलेलें आहे. गेल्या श्रावणांत मात्र संगीतानेंच आमच्या विट्याच्या घरची शांति चांगली पंधरा दिवस घालविली. त्या पंधरवड्यांत आम्हांला जें कांहीं ऐकावें लागलें, वाचावें लागलें आणि शेवटीं कबूलहि करावें लागलें, तें वाचकांपुढें मांडावें असें वाटल्यावरून या महिन्याचा मजकूर त्याच विषयाला दिला आहे.

झालें तें असें. आमचे काका, ज्यांना घरांतील लहानथोर सारेच नाना म्हणतात, ते आज चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. जन्मभर त्यांनीं शाळेंत गणित शिकविलें व उरलेला सारा वेळ ख्यालगायनाच्या उपासनेंत घालविला. तरुणपणीं औंधच्या उत्सवाला जाऊन रात्ररात्र बैठकी ऐकाव्या, पहाटे मिळेल त्या वाहनानें परत यावें आणि अकराच्या ठोक्याला वर्गांत उभें राहावें, अशी त्यांची रीति होती. त्यांच्या नातीला, म्हणजे आमच्या पुतणीला, आठव्या वर्षापासून त्यांनीं समोर बसवून गाणें शिकविलें. मुलगी आतां पुण्यास शिकते. सुटीला घरीं आली ती आपल्या मोबाइलवर एक गाणें घेऊन आली आणि मोठ्या हौसेनें तिनें तें आजोबांना ऐकविलें. नानांनीं शिकविलेली पूरियाधनाश्रीची बंदिश ती गात होती. पण तंबोऱ्याच्या जागीं गिटार होती, तबल्याच्या जागीं विलायती ड्रम होते आणि शेवटीं श्रोत्यांनीं शिट्ट्या वाजविल्या होत्या.

नानांनीं सगळें ऐकून घेतलें. मग ते उठले, कोपऱ्यांतील मिरजेच्या तंबोऱ्याला त्यांनीं गवसणी घातली आणि गड्याकरवीं तो माळ्यावर ठेवविला. "हा माझा पूरिया नव्हे," एवढेंच ते बोलले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं घरांत षड्ज लागला नाहीं. ज्या घरांत गेलीं पन्नास वर्षें सकाळचा चहा तंबोऱ्याच्या झंकारावर होत आला, त्या घरांत तो नुसत्या यंत्रमागांच्या खटखटाटावर झाला. हा खटखटाट आमच्या गांवाला नवा नाहीं, पण त्या दिवशीं तो फार मोठा वाटला. मुलगी डोळे पुसून स्वयंपाकघरांत जाऊन बसली. वहिनींनीं नानांना दोन शब्द सांगून पाहिले. आणि आम्ही, कोणाचीच बाजू घेण्याइतकें ज्ञान जवळ नसल्यामुळें, वर्तमानपत्र वाचूं लागलों.

संध्याकाळीं शेजारचे एक गृहस्थ आले. विटें, खानापूर, आटपाडी या बाजूची माणसें सोनेंचांदी गाळण्याच्या धंद्यासाठीं हिंदुस्थानभर पसरलेलीं आहेत, हें वाचकांना ठाऊक असेलच. हे गृहस्थ त्यांपैकींच, केरळांत त्यांचें गलाईचें दुकान आहे. नानांनीं त्यांच्यापुढें गाऱ्हाणें मांडलें कीं, चोख सोन्यांत हीं मुलें तांबें कालवीत आहेत. त्यावर ते म्हणाले, "नाना, चोख सोन्याचा दागिना टिकत नाहीं. बावीस कॅरटांत शंभराला आठांहून अधिक भाग दुसरी धातु असतेच. आम्ही पाहतों तें इतकेंच कीं, काय घातलें, किती घातलें आणि गिऱ्हाइकाला सांगितलें कीं नाहीं." नानांना हें उत्तर आवडलें नाहीं. आम्हांला मात्र तें रात्रभर आठवत राहिलें, आणि ही मिसळ तरी काय आहे तें पाहावें, असें आम्हीं ठरविलें. पुतणीलाच गुरु केलें. जेवणें झाल्यावर माडीवर आमची शिकवणी चालत असे.

प्रथम जॅझ म्हणजे काय, येथूनच आरंभ होता. अमेरिकेच्या दक्षिणेस न्यू ऑर्लिन्स शहरांत, आफ्रिकेंतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांच्या वंशजांनीं विसाव्या शतकाच्या आरंभास हें संगीत उभें केलें. ताल व हांकबोल आफ्रिकेचे, वाद्यें युरोपच्या लष्करी बँडांचीं, दुःख त्यांचें स्वतःचें. आम्हीं समजत होतों कीं, हा केवळ हॉटेलांतील नाचाचा गोंगाट आहे. तसें नाहीं. एक मूळ चाल प्रथम सगळे मिळून वाजवितात. मग एकेक वादक त्याच आवर्तनावर आपल्या बुद्धीनें विस्तार करतो आणि अखेर सारे मूळ चालीवर परत येतात. अस्ताई मांडून, आलापताना घेऊन समेवर येणाऱ्या आपल्या माणसाला यांत परकें काय वाटावें? त्यांच्या ब्लूज नांवाच्या रचनेचें एक आवर्तन बहुधा बारा खंडांचें, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचें असतें. शिवाय त्या गाण्यांत एक गंधार असा लागतो कीं, तो धड कोमल नाहीं नि धड शुद्ध नाहीं. पाश्चात्त्य पियानोवर त्याला जागाच नाहीं. तो गंधार कानीं पडला तेव्हां आम्हीं नकळत खालीं नानांच्या खोलीकडे पाहिलें.

भेद कोठें आहे तेंहि मुलीनें समजावून दिलें, आणि तो लहान नाहीं. आपला षड्ज एकदां तंबोऱ्यावर लागला कीं मैफल संपेपर्यंत हालत नाहीं. राग त्या स्थिर भूमीवर चालतो. त्यांच्याकडे तीनचार स्वर एकदम वाजवून त्यांचे पुंजके करतात आणि ते पुंजके सारखे बदलत असतात, म्हणजे गाणाऱ्याच्या पायांखालची भूमीच सरकत असते. त्यांत त्यांची मौज आहे. पण पूरियाधनाश्रीच्या खालीं असा पुंजका सरकविला आणि त्यांत शुद्ध मध्यम आला, तर तीव्र मध्यमावर उभा असलेला तो राग जागच्या जागीं कोसळतो. "आणि तुमच्या गिटारवाल्यानें नेमकें तेंच केलें आहे काय?" आम्हीं विचारलें. मुलगी बराच वेळ गप्प बसली. मग तिनें तें गाणें पुन्हां लावलें, दोन जागीं थांबविलें आणि म्हणाली, "होय. आजोबांना तेंच लागलें असेल."

ही कबुली महत्त्वाची होती. नाना नुसत्या हट्टानें रुसले नव्हते. त्यांच्या कानाला दोष बरोबर दिसला होता. पण एका जागीं राग बिघडला म्हणून सर्वच मिश्रण त्याज्य ठरतें काय? याचें उत्तर शोधण्यासाठीं अमेरिकेला जाण्याची गरज नाहीं. सांगली-मिरजेपर्यंत गेलें तरी पुरे. ज्या ख्यालाला नाना आपला म्हणतात तो ख्याल कृष्णाकांठीं उगवलेला नव्हे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनीं उत्तरेंत वणवण करून, ग्वाल्हेरीस वासुदेवबुवा जोश्यांच्या पायांपाशीं बसून तो एकोणिसाव्या शतकांत इकडे आणला. त्यांचे मिरजेचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर. ज्या पलूसवरून त्यांचें आडनांव पडलें तें गांव आमच्या शेजारचेंच. १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढून त्यांनीं घराण्याघराण्यांत कोंडलेली विद्या मध्यमवर्गाच्या मुलामुलींसाठीं खुली केली, तेव्हां त्यांच्यावरहि विद्या बाजारांत मांडल्याचा आक्षेप आलाच. सांगलीच्या खाडिलकरांचें "मानापमान" १९११ सालीं रंगभूमीवर आलें, त्यांतील पदांना गोविंदराव टेंब्यांनीं पूरब अंगाच्या चाली बांधल्या. नाना त्या आजहि डोळे मिटून गुणगुणतात. आणि ज्या पेटीवर टेंब्यांची बोटें फिरत ती पेटी तरी कोठली? १८४२ सालीं पॅरिसच्या दबेन नांवाच्या कारागिरानें तिचा हक्क नोंदविला. तिच्या ठराविक पट्ट्यांवर आपल्या श्रुति बसत नाहींत म्हणून १९४० सालीं आकाशवाणीनें तिला दाराबाहेर काढलें होतें, तें १९७१ सालापर्यंत. नानांच्या घरांत ती या सर्व काळांत देवघराशेजारींच होती!

मुंबईच्या जॅझची कथा आम्हांला या निमित्तानेंच कळली. १९३५ सालीं ताजमहाल हॉटेलांत लिऑन अॅबी या कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवाल्याचा वृंद आला. त्याच्या मागोमाग क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड असे आणखी वादक आले. त्यांच्यापासून ही विद्या घेतली ती गोमंतकांतील ख्रिस्ती वादकांनीं. पोर्तुगीज अमदानींत चर्चच्या शाळांतून स्वरलिपि वाचावयास शिकलेले हे लोक मुंबईंत वाद्यवृंदांतून वाजवीत. आल्दोन्याचा अंतोनियो झेवियर वाझ हा ट्रंपेट वाजविणारा "चिक चॉकलेट" या नांवानें प्रसिद्ध होता. पुढें मुंबईंत दारूबंदी आली, हॉटेलांतील काम आटलें, आणि हे वादक सिनेमाच्या वाद्यवृंदांकडे वळले. तेथें त्यांना भेटले आपले सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. हे विनायकबुवा पटवर्धनांपाशीं गाणें शिकलेले, म्हणजे परंपरेनें विष्णु दिगंबरांच्याच शिष्यशाखेंतले. १९५१ च्या "अलबेला" चित्रांत चितळकरांच्या चाली आहेत आणि पडद्यावर चिक चॉकलेट व त्याचे साथीदार प्रत्यक्ष वाजवितांना दिसतात. त्या चालींवर भगवान पालव नाचले आणि सारा महाराष्ट्र नाचला. आमच्या घरांतील कोणत्या लग्नांत त्या वाजल्या नाहींत! पण तो जॅझ होता हें आम्हांला कोणी सांगितलें नव्हतें, आणि सांगितलें असतें तर वडिलधाऱ्यांनीं बँडवाल्याला मांडवांतून काढून लाविलें असतें.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनीं तर १९५८ सालीं मुंबईंत मोठा वृंद जमवून आपले राग पाश्चात्त्य वृंदरचनेंत बसविण्याचा यत्न केला आणि लता मंगेशकरांसारख्या गायिकेला त्यांत गावयास बोलाविलें. त्याच वर्षीं डेव्ह ब्रूबेक हा अमेरिकन पियानोवादक सरकारी दौऱ्यावर मुंबईस आला असतां सतारवादक अब्दुल हलीम जाफर खां यांच्याबरोबर बसून वाजवून गेला. त्याच दौऱ्यांत तुर्कस्तानांत ऐकलेल्या नऊ मात्रांच्या ठेक्यावर त्यानें पुढें एक रचना केली. पण आमच्या उपयोगी पडली ती १९५९ सालीं त्याच्या वृंदानें वाजविलेली, पॉल डेस्मंड या त्याच्या साथीदाराची पांच मात्रांची रचना. अमेरिकेंत पांच मात्रा म्हणजे मोठें नवल झालें. वाचकांनीं ती मिळवून टाळी देऊन पाहावी: तीन आणि दोन, तीन आणि दोन. आपल्या झपतालाचा अर्धा भाग म्हणजे दोन आणि तीन; तोच येथें पालथा घातलेला आहे. आम्हीं माडीवर टाळ्या देत बसलों होतों तेव्हां खालून नानांचा आवाज आला, "झपताल उलटा का धरला आहे रे?" पंधरवड्यांतील ही त्यांची पहिली पृच्छा. आम्हीं खुलासा केला. ते "हूं" म्हणाले.

यानंतर शक्ति. हें नांव आम्हीं पूर्वीं ऐकलें होतें, पण झाकीर हुसेनांच्या निधनानंतर वर्तमानपत्रांतून जें आलें तेवढेंच. माहीमच्या त्या मुलानें १९७५ च्या सुमारास जॉन मॅक्लॉफ्लिन या इंग्रज गिटारवादकाबरोबर हा मेळ जमविला, व्हायोलिनवर एल. शंकर, घटावर विक्कू विनायकराम. घट म्हणजे निव्वळ मातीचा घडा; त्यावर बोटांनीं काय होऊं शकतें तें ऐकल्याशिवाय पटणार नाहीं. मॅक्लॉफ्लिननें जें केलें तें आम्हांला फार मोलाचें वाटलें. तो आपल्याकडील गुरूंपाशीं वीणा शिकला. मग त्यानें आपल्यासाठीं खास गिटार करवून घेतली: पडद्यांमधील लांकूड खोलगट कोरलेलें, म्हणजे तार दाबून मींड काढतां यावी, आणि मुख्य तारांच्या खालून तिरप्या बसविलेल्या सात तरफा. सरकते पुंजके त्यानें बहुतांशीं बाजूस ठेविले आणि मांडी घालून, स्थिर स्वरावर, एकेक स्वराची ओळ वाजविली. म्हणजे पाहुणा आला तो पायांतले जोडे बाहेर काढून आला. कोणी म्हणेल, मग त्यांत त्याचें काय राहिलें? त्याची गति राहिली, त्याचें इंग्रजी धाडस राहिलें. कांहीं तुकड्यांत तर इतकी घाई आहे कीं, आमच्यासारख्याला दम लागतो. सगळेंच आम्हांला आवडलें असें नाहीं. विलंबिताची ज्याला संवय आहे त्याला तें वाजविणें पुष्कळदां आगगाडीच्या खिडकींतून देऊळ पाहिल्यासारखें वाटेल.

या मेळाचें पुढें पुनरुज्जीवन झालें, त्यांत आपल्या श्रीनिवास खळ्यांपाशीं शिकलेले शंकर महादेवन गावयास आले. २०२३ सालीं निघालेल्या त्यांच्या संग्रहाला २०२४ च्या फेब्रुवारींत अमेरिकेचें ग्रॅमी पारितोषिक मिळालें. झाकीर हुसेनांना त्या एका रात्रींत तशीं तीन मिळालीं. त्याच वर्षीं १५ डिसेंबरास ते वारले.

एके रात्रीं मुलीनें आफ्रिकेचा प्रवास घडविला. पश्चिम आफ्रिकेंत माली म्हणून देश आहे. तेथें ग्रियो नांवाच्या गायकांचीं घराणीं आहेत. राजांच्या वंशावळी, लढाया, पूर्वजांचीं कृत्यें पाठ ठेवणें व यजमानाच्या दारीं गाणें हा त्यांचा कुलधर्म. आपले गोंधळी आणि भाट एकत्र केले म्हणजे कल्पना येईल. त्यांचें वाद्य कोरा. मोठा भोपळा मधोमध चिरून त्याच्या अर्ध्यावर चामडें ताणतात, त्यांतून लांब दांडा काढतात आणि एकवीस तारा दोन ओळींत बसवितात. दोन्ही हातांचे आंगठे व तर्जन्या एवढ्यांवरच सारें वादन. तुमानी जाबाते हा या वाद्याचा थोर वादक, पिढ्यान्पिढ्यांच्या ग्रियो घराण्यांत १९६५ सालीं जन्मलेला, २०२४ च्या जुलैंत वारला. अली फार्का तूरे या त्याच्याच देशांतील गिटारवादकाबरोबर त्यानें केलेलें एक मुद्रण २००५ सालीं निघालें. त्यांत धांवपळ मुळींच नाहीं. दोन वडील माणसें ओसरीवर बसून बोलत आहेत, एक थांबला कीं दुसरा बोलतो, असें तें संगीत आहे. आमच्या सगळ्या शिकवणींत आम्हांला सर्वांत जवळचें तेंच वाटलें. आणि त्यांत आपल्याकडचा एकहि माणूस नाहीं, ही गोष्ट नमूद करावीशी वाटते.

आतां मुख्य प्रसंग. बारावा कीं तेरावा दिवस असेल. मुलीनें एक मुद्रण लावलें आणि या वेळीं मुद्दामच माडीचें दार उघडें ठेविलें. विजेचीं वाद्यें, ढोलांचा गजर, आणि त्यांतून एका बाईचा आवाज वर आला. भरदार, किंचित् जडसर, शब्द लाडानें वळविणारा. खालीं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. नाना जिन्याच्या पहिल्या पायरीशीं येऊन उभे राहिले होते. "ही शोभा गुर्टू आहे," ते म्हणाले. "या गोंगाटांत तिला कोणी नेलें?"

"तिच्या मुलानें, आजोबा," मुलगी म्हणाली.

ठुमरी-दादऱ्याच्या या थोर गायिकेचा जन्म १९२५ सालचा, बेळगांवचा. माहेरचें नांव भानुमती शिरोडकर. आई मेनकाबाई शिरोडकर. नृत्य व गायन हाच त्यांचा व्यवसाय आणि अल्लादिया खांसाहेबांची त्यांना तालीम. आपल्यासारख्या घरांतून ज्या बायकांचें गाणें पुरुष बाहेर जाऊन ऐकत आणि घरांत ज्यांचें नांव काढीत नसत, त्यांच्यापैकीं त्या होत्या. हें लिहितांना आम्हांला संकोच वाटतो, पण तें खरें आहे. भानुमती गुर्टू घराण्यांत सून म्हणून गेली आणि शोभा झाली. तिचा मुलगा त्रिलोक, १९५१ सालीं मुंबईस जन्मलेला, तबला शिकला आणि विलायती ड्रमहि शिकला; मग त्यानें दोन्ही एकत्र मांडून, जमिनीलगत बसून वाजविण्याची आपली निराळीच पद्धति काढली. वाजवितांना तो घंटा नि झांजा पाण्याच्या बादलींत बुडवितो, म्हणजे नाद वांकतो. युरोपांत जाऊन त्यानें नांव मिळविलें, मॅक्लॉफ्लिनबरोबरहि तो कांहीं वर्षें होता. १९८८ च्या सुमारास त्याच्या स्वतःच्या नांवानें पहिला संग्रह निघाला. त्यांत डॉन चेरी हा नामांकित अमेरिकन ट्रंपेटवाला आहे, राल्फ टाउनर आहे, एल. शंकर आहे, आणि गाण्यासाठीं त्यानें आणिली ती आपली आई. एका रचनेचें नांवच त्यानें "शोभारॉक" असें ठेविलें आहे. त्या वेळीं बाईंनीं साठी ओलांडली होती, संगीत नाटक अकादमीचा सन्मान पदरीं होता. नाहीं म्हणावयास त्यांना कोणतीहि अडचण नव्हती.

नाना पायऱ्या चढून वर आले. चौऱ्याऐंशीव्या वर्षीं हा जिना त्यांनीं चढूं नये असें डॉक्टरांनीं सांगितलेलें आहे. ते बाजेवर बसले व म्हणाले, "पुन्हां लाव." तीनदां ऐकलें. ढोल त्यांना आवडले नाहींत आणि तसें त्यांनीं सांगितलें. पण मग म्हणाले, "तिनें आपली जागा सोडलेली नाहीं. सगळे तिच्याभोंवतीं नाचताहेत, पण ती आपल्या स्वरावर आहे. पोरानें आईला हलविलें नाहीं." थोड्या वेळानें त्यांनीं नातीला विचारलें, "तुझ्या त्या गिटारवाल्याला नुसता षड्ज-पंचम धरून बसतां येईल काय?" ती म्हणाली, "येईल. मी सांगितलें नव्हतें म्हणून त्यानें तें केलें. चूक माझी." नाना म्हणाले, "नुसती तुझी नव्हे. मी तुला राग शिकविला; तो कशानें मोडतो तें शिकविलें नाहीं. आमच्या वेळीं मोडणारें कोणी जवळ आलेंच नाहीं."

या विषयांत आमचें स्वतःचें मत विचाराल, तर मिश्रण म्हणून जें खपतें त्यांतील बरेंच आम्हांला टाकाऊ वाटलें. चार मिनिटें कोठलातरी यंत्रावरचा ठेका, त्यावर बासरीचा एक तुकडा, मध्येंच "ॐ"काराचा घोष, आणि वर देवळाचें चित्र. याला संगीत म्हणणें म्हणजे पंगतींतील उरलेलें अन्न एका भांड्यांत ओतून त्याला पक्वान्न म्हणण्यासारखें आहे. त्यांतील वादकांनीं एकमेकांचें ऐकलेंच नाहीं हें ध्यानांत येण्यास गवई असावें लागत नाहीं. उलट ज्यांचें जमलें, त्यांनीं पांचदहा वर्षें परक्या विद्येपाशीं उमेदवारी केलेली आढळते.

आणखी एक गोष्ट लिहिल्यावांचून राहवत नाहीं. या शिकवणीच्या काळांतच एके रात्रीं दूरवर ढोल वाजत होते. मालीच्या भोपळ्याचें कौतुक करीत बसलेल्या आम्हांला पुतणीनें विचारलें, "काका, हे कोणाचे ढोल? कोणता ठेका?" आम्हांला सांगतां आलें नाहीं. धनगरांचें गजीनृत्य या माणदेशाच्या अंगाला पिढ्यान्पिढ्या चालत आलें आहे. दसऱ्याला, यात्रेला तें आमच्या वेशीपाशीं होतें. आणि पन्नास वर्षें विट्यास राहून आम्हीं त्याच्याकडे "रस्ता अडला" यापलीकडे पाहिलें नव्हतें. दुसऱ्या दिवशीं मुलगी एकटीच जाऊन, बिरोबाच्या ओव्या म्हणणाऱ्या एका वृद्धाला भेटून आली. येतांना ठेका वहींत लिहून आणला. नानांनीं मात्रा मोजल्या, दोघांचा एका जागीं मतभेद झाला, आणि त्या वादांत जेवणें थंड झालीं.

तंबोरा माळ्यावरून खालीं आला तो गवसणींत दमट होऊन. जवारी गेली होती, खुंटी फिरत होती. तेव्हां भाद्रपद लागण्यापूर्वीं आम्ही तिघे त्याला घेऊन मिरजेस गेलों. तेथील सतारमेकर मंडळी मूळचीं शिकलगार. हत्यारें घडविणाऱ्या हातांनीं एकोणिसाव्या शतकांत तारा जुळविण्यास आरंभ केला. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनहि मिळालें आहे. ज्या दुकानांत आम्ही बसलों तेथें पंढरपुराकडचे मोठाले भोपळे छताला टांगलेले होते. वृद्ध कारागीर घोडीखालीं सुताचा धागा सरकवून नाद पाहत असतां पुतणीनें मोबाइल काढून त्यांना कोरा दाखविला आणि थोडें वाजवूनहि ऐकविलें.

त्यांनीं चष्मा पुसून चित्र पाहिलें. तारांकडे त्यांनीं पाहिलेंच नाहीं. "भोपळा उत्तम पिकलेला आहे," ते म्हणाले. "पण अर्धा कापून चामडें लावल्यावर आंतून कीड लागूं नये म्हणून हे लोक काय लावितात?"

मुलीला तें ठाऊक नव्हतें. नाना काठी टेकून बसले होते, ते पुढें वांकले. "त्यांना पत्र टाक," ते म्हणाले, "आणि विचारून घे. आमच्याहि भोपळ्याला हीच अडचण आहे म्हणावें."